दर ठोक्याला एक थेंब

प्रीमियर पद्मिनी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने धावत असताना तिच्या इंजिनाला दर सेकंदाला किती पेट्रोल लागतं? लिटरला १२ किलोमीटरचं ॲव्हरेज धरलं तर उत्तर येतं सुमारे १.४ मिलिलिटर, म्हणजे पाव चमच्याहून जरासं जास्त. त्या वेळी इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर फ्युएल पंपातला पडदा दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा खालीवर होत असतो. आता भागाकार करा. एका ठोक्याला साधारण ०.०५ मिलिलिटर, औषधाच्या ड्रॉपरमधून पडणारा जेमतेम एक थेंब! चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन धावणारी ती गाडी अशी थेंबाथेंबाने चालते. तो थेंब नेमका वेळेवर पोचवणारा पंप तळहातावर मावतो, आणि त्यात एकही वायर नसते.

मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही १,०८९ सीसीची गाडी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर होती. तिची टाकी मागे आणि कार्बोरेटर पुढे, बॉनेटखाली. टाकी खाली असल्यामुळे पेट्रोल आपलं आपण कार्बोरेटरपर्यंत चढणार नाही. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्न टाकी उंचावर ठेवून सोडवलेला असे. अमेरिकेतल्या फोर्ड मॉडेल टी गाडीची टाकी पुढच्या सीटखाली होती आणि पेट्रोल उताराने इंजिनात जाई. त्यामुळे टाकीत थोडंच पेट्रोल उरलं असताना मोठा चढ आला, की इंजिन टाकीच्या वर जाई आणि गाडी बंद पडे. मग चालक गाडी वळवून तो चढ रिव्हर्सने चढत! फ्युएल पंप आला आणि टाकी कुठेही ठेवायची मोकळीक मिळाली.

हा पंप करतो काय? पंपाच्या दोन अर्ध्या भागांमध्ये रबर चढवलेल्या कापडाचा एक गोल पडदा दाबून बसवलेला असतो. त्याला डायफ्राम म्हणतात. इंजिनातला कॅमशाफ्ट फिरताना पंपाची दांडी ढकलतो आणि दांडी डायफ्रामला खाली खेचते. वरची जागा वाढते, तिथला दाब कमी होतो, आत येणारा व्हॉल्व्ह उघडतो. पण पेट्रोलला तिथवर ढकलतं कोण? आपल्या डोक्यावरचं वातावरण! टाकीतल्या पेट्रोलवर हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. पंप पुढे थोडी पोकळी करून देतो, आणि मागून हवा गाडीच्या लांबीभर पसरलेल्या नळीतून पेट्रोल पुढे रेटते.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. कॅम डायफ्रामला फक्त खाली ओढतो, वर कधीच ढकलत नाही. वर ढकलण्याचं काम डायफ्रामखालच्या स्प्रिंगचं. समजा, कार्बोरेटरची वाटी भरली. घरावरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा फ्लोट तिथेही असतो. तो वर येतो आणि नीडल व्हॉल्व्ह बंद करतो. आता पेट्रोलला जायला वाट नाही, म्हणून ते डायफ्रामला खालीच दाबून धरतं. दांडी बिचारी हलत राहते, पण डायफ्राम जागचा हलत नाही. वाटीतलं पेट्रोल थेंबभर कमी झालं की स्प्रिंग तेवढाच थेंब पुढे सारते. दाब ठरतो तो स्प्रिंगच्या ताकदीवर, साधारण ०.२ ते ०.३ बार. इंजिन कितीही जोरात फिरलं तरी तो फारसा वाढत नाही. इंजिनाची भूक आणि पंपाचा पुरवठा यांचा मेळ एक स्प्रिंग आणि एक फ्लोट मिळून घालतात.

भाग इतके मोजके असल्यामुळे प्रत्येकाचं दुखणं वेगळं ओळखता येतं. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर रात्रीतून नळीतलं पेट्रोल टाकीकडे उतरतं. सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो आणि एकदा चालू झाली की गाडी दिवसभर तक्रार करत नाही. स्प्रिंग थकली असेल, तर शहरात काही जाणवत नाही, पण चढावर वाटीतला साठा संपला की गाडी धक्के मारते. ॲक्सिलरेटर सोडला की वाटी पुन्हा भरते आणि ती सावरते. डायफ्राम फाटला असेल, तर पंपाच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकातून पेट्रोल ठिबकतं, नाहीतर थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी न भरताच वाढली असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी तिथेच थांबवा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

पण घाटात बंद पडलेल्या प्रत्येक गाडीचा पंप बिघडलेला नसतो. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण आहे, आणि त्यातले सर्वांत हलके घटक ३५ ते ४० अंशांनाच उकळू लागतात. पंपाच्या ओढीमुळे नळीतला दाब आधीच कमी, त्यात महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाबही समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. नळीत वाफ भरते, आणि वाफ दाबली जाते पण पुढे सरकत नाही. हेच व्हेपर लॉक. चहाला थांबल्यावर गाडी का अडते तेही यातून कळतं. इंजिन बंद होताच पंखा आणि पाणी दोन्ही थांबतात, आणि बॉनेटखालची उष्णता उतरण्याआधी काही वेळ उलट वाढते. घाटात पंपावर ओलं फडकं ठेवण्याची जुन्या ड्रायव्हरांची रीत पक्क्या भौतिकशास्त्रावर उभी आहे.

म्हणून तपासणी पंपापासून सुरू करायची नाही. पेट्रोलच्या वाटेनेच, टाकीपासून पुढे यायचं. आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. पेट्रोल उपसलं गेलं, त्याच्या जागी हवा येईना, मग ढकलणार कोण? त्यानंतर रबरी पाईप बघा. टाकी ते पंप या वाटेवरची चीर फार फसवी असते. तिथून पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. मग फिल्टर. शेवटी पंप.

पंपाची परीक्षा इंजिन गार असताना, मोकळ्या जागेत, अग्निशामक हाताशी ठेवूनच करावी. कॉईलची बारीक वायर काढा. नुसती जाड वायर काढून ठेवली तर तिच्या टोकाशी ठिणगी उडू शकते. कार्बोरेटरला जाणारा पाईप सोडवून त्याचं टोक पारदर्शक बाटलीत धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. सेल्फवर इंजिन मिनिटाला शे-दीडशे फेरे घेतं, कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे. म्हणजे सेकंदाला एखादी पिचकारी. पिचकाऱ्या जोरकस आणि सारख्या आल्या, तर पंप निर्दोष आहे. मग कॉईल, कंडेन्सर आणि जेटकडे वळा. धार लुळी आली तर पंप थकला आहे, आणि बुडबुडे आले तर मागे कुठेतरी हवा धरते आहे.

पंप खरोखर गेला असेल, तर बदलायचं काम फार मोठं नाही. बॅटरीची वायर काढायची, पाईप सोडवून टाकीकडच्या टोकाला बूच मारायचं, आणि पंप धरून ठेवणारे बोल्ट सोडवायचे. खरी काळजी त्यानंतर. पंप आणि इंजिनाच्या मध्ये एक जाड पॅकिंग असतं. ते इंजिनाची उष्णता पंपापर्यंत येऊ देत नाही, शिवाय दांडी कॅमपासून किती अंतरावर राहील हेही त्याच्याच जाडीवर ठरतं. पातळ पॅकिंग घातलं तर दांडीवर ताण येतो, जाड घातलं तर डायफ्रामचा ठोका आखूड पडतो. म्हणून जुन्याची जाडी मोजून नवं तेवढंच घ्यावं. बसवताना पंप सहज टेकत नसेल, तर बोल्टच्या जोराने ओढू नये. इंजिन थोडं फिरवून कॅमचा उंचवटा दांडीपासून दूर न्यावा, पंप आपोआप बसतो.

पंप उघडून नुसता डायफ्राम बदलायचा असेल, तर उघडण्याआधी दोन्ही भागांवर कानशीने एक आडवी खूण करावी, म्हणजे पाईपांची तोंडं पुन्हा जागच्या जागी येतात. स्क्रू पूर्ण आवळण्यापूर्वी दांडी दाबून डायफ्राम अगदी खाली ओढून धरावा आणि मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळावेत. डायफ्राम सपाट असतानाच आवळला तर प्रत्येक ठोक्याला तो ताणला जातो आणि काही दिवसांत फाटतो.

कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या एमपीएफआय गाड्यांनी हे सगळं उलटं केलं. त्यांचा विजेचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडून बसतो आणि सुमारे ३ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो, त्यामुळे व्हेपर लॉकचा त्रास जवळपास संपला. पंपाला गार ठेवण्याचं काम पेट्रोलच करतं, म्हणून अशा गाड्यांत टाकीतलं पेट्रोल वरचेवर तळाशी जाऊ देऊ नये. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू आली नाही, तर टाकी उतरवण्याआधी फ्यूज, रिले आणि कनेक्टर तपासावेत.

जुन्या गाडीच्या मालकांना आज एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि पद्मिनीच्या काळातलं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. इथेनॉलने ते फुगतं, कडक होतं, भेगाळतं. तेव्हा पंपाचं किट घेताना इथेनॉल सोसणारा डायफ्राम मागून घ्या आणि त्याच वेळी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाईपही बदलून टाका. पंपाचं जुनं धातूचं अंग धड असेल तर मात्र ते फेकू नका. नवा पडदा, नवे व्हॉल्व्ह आणि नवी स्प्रिंग मिळाली, की ते पुन्हा अनेक वर्षं काम देतं.