ऑफिसचा फोन, इंटरनेटच्या वाटेने (भाग १४) : हॅश कोणी खाल्ला?

व्हॉइसमेलचे संदेश किती दिवस ठेवायचे आणि कधी पुसायचे, हा विषय या आठवड्यासाठी ठरला होता. तो पुढे ढकलतो आहे, कारण एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यांनी नेमकं माझ्या आवडीच्या जागेवर बोट ठेवलं.

हे गृहस्थ एका सहकारी पतसंस्थेचा संगणक विभाग एकहाती सांभाळतात. ॲस्टेरिस्क हे फोन-एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर बसवून त्यांनी मुख्य कार्यालय आणि शाखा जोडल्या. सगळं सुरळीत चाललंय, पण एक तक्रार काही केल्या मिटत नाही. संस्थेच्या लेखापाल बाई बँकेच्या फोनसेवेला फोन लावतात. ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हटलं की एक दाबतात, चालतं. खातेक्रमांक आणि पिन टाकतात, तेही बिनतक्रार जातं. मग ‘आता हॅश दाबा’ असं ऐकून हॅश दाबला, की बँकेची बाई एकदम इंग्रजीत ‘ट्रान्सफर’ एवढंच म्हणते आणि गप्प होते. बँकेत विचारलं तर ‘आमच्याकडे असं काही होत नाही’ असं उत्तर मिळतं. बँकेच्या वरिष्ठांना नेमकं काय लिहावं, असं पत्रलेखक विचारतात.

काहीच लिहू नका. ती बाई बँकेची नाही, तुमचीच आहे. ॲस्टेरिस्कसोबत इंग्रजी सूचनांचा जो संच येतो, त्यातला तो आवाज ॲलिसन स्मिथ यांचा. जगभरातल्या ऑफिसांमध्ये ‘तुमचा पासवर्ड टाका’ सांगणाऱ्या त्याच. लेखापाल बाईंनी दाबलेला हॅश बँकेपर्यंत पोचलाच नाही. वाटेत तुमच्या सर्व्हरने तो उचलला, ‘यांना हा कॉल दुसरीकडे वळवायचा आहे’ असा अर्थ लावला आणि कुठे वळवू म्हणून विचारलं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

असं का होतं? बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी जी ‘डायल’ आज्ञा लिहितो, तिच्यात मोठा ‘टी’ घातला तर फोन करणाऱ्याला आणि छोटा ‘टी’ घातला तर फोन घेणाऱ्याला, बोलता बोलता आकडे दाबून कॉल वळवायची मुभा मिळते. त्यासाठीची खूण ॲस्टेरिस्कमध्ये मुळात एकच हॅश आहे. ॲस्टेरिस्कवरच उभ्या असलेल्या फ्रीपीबीएक्सच्या मंडळींनी शहाणपणा करून ती दोन हॅश केली. नुसतं ॲस्टेरिस्क वापरणाऱ्याने ‘फीचर्स’च्या फाइलमध्ये स्वतः बदल करायचा. दोन हॅश ठेवले की सर्व्हर पहिल्या हॅशनंतर क्षणभर वाट पाहतो आणि दुसरा आला नाही तर पहिला पुढे सोडून देतो. त्याहून सरळ उपाय म्हणजे बाहेरच्या कॉलवरून तो ‘टी’ काढूनच टाका. टेबलावरच्या आयपी फोनला ट्रान्सफरचं वेगळं बटण असतं. ते बटण आणि ही हॅशची खूण दोन्ही चालू ठेवण्यात काही अर्थ नाही.

पत्राचं उत्तर इथे संपलं. आता माझी हौस.

दाबलेला आकडा नेमका जातो कसा? चकती फिरवायच्या काळ्या फोनमध्ये उत्तर सोपं होतं. पाच फिरवला की चकती परत येताना तारेतला प्रवाह पाच वेळा तुटायचा, शून्याला दहा वेळा, सेकंदाला साधारण दहा या गतीने. एक्स्चेंज ती तूटफूट मोजायचं. म्हणजे आकडा फक्त आपल्या एक्स्चेंजपर्यंत जायचा. पलीकडे कॉल लागल्यावर चकती फिरवली, तर समोरच्याला फार तर खटखट ऐकू यायची. आपल्याकडे पुढे बटणांचे फोन आले, तेव्हाही बरीच एक्स्चेंजं जुनीच होती. म्हणून फोनच्या बुडाला किंवा कडेला ‘पी’ आणि ‘टी’ अशी अक्षरं असलेलं बारीक बटण असायचं. ते ‘पी’वर असलं की बटण दाबूनही कानात टकटकटक ऐकू यायचं : वरून बटण, आतून चकतीच. ज्यांनी तो फोन वापरलाय त्यांना हा आवाज अजून आठवत असेल.

‘टी’ म्हणजे टोन, तांत्रिक नाव डीटीएमएफ. अमेरिकेतल्या बेल कंपनीने १८ नोव्हेंबर १९६३ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग या गावांत तो ग्राहकांना दिला. तेव्हा बटणं दहाच होती. स्टार आणि हॅश १९६८ मध्ये आले. प्रत्येक बटणाला दोन स्वर, एक ओळीचा आणि एक स्तंभाचा. पाच म्हणजे ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकाच वेळी. आठही स्वर असे निवडलेत की एकाची पट किंवा दोघांची बेरीज-वजाबाकी तिसऱ्यावर बसू नये, म्हणजे माणसाच्या बोलण्यातून चुकून आकडा तयार होण्याचा संभव कमी. चौथा स्तंभही आहे, १६३३ हर्ट्झचा. त्याची ए, बी, सी, डी ही बटणं अमेरिकी सैन्याच्या ऑटोव्हॉन या जाळ्यात कॉलची निकड सांगायला वापरत. सामान्य माणसाच्या फोनवर ती कधी आली नाहीत, पण टेबलावरचा आयपी फोन जे पॅकेट पाठवतो, त्यात १२ ते १५ हे क्रमांक आजही त्यांच्या नावाने राखून ठेवलेले आहेत. मला ही गोष्ट उगीचच आवडते.

आकडा आवाज झाला, याचा खरा फायदा वेगळाच निघाला. आवाज जिथे जातो तिथे आकडाही जाऊ लागला, थेट पलीकडच्या टोकापर्यंत. त्यामुळेच पुढे ‘अमुकसाठी एक दाबा’ शक्य झालं. रेल्वेच्या १३९ ला फोन करून दहा आकडी पीएनआर टाकता येतो, कॉन्फरन्सचा पिन टाकता येतो, तो या जोरावर.

इंटरनेटवर आल्यावर याच सोयीची अडचण झाली. जी.७११ या कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाज पॅकेटांत भरायची पद्धत) आवाज जवळजवळ जसाच्या तसा जातो : सेकंदाला ८००० नमुने, ६४ किलोबिट. त्यातून स्वर नीट निघतात. पण बँडविड्थ वाचवायला आपण शाखांमध्ये जी.७२९ लावतो. ते ८ किलोबिटमध्ये भागवतं, कारण ते आवाज पाठवतच नाही. घसा कसा हलला याचं वर्णन पाठवतं आणि पलीकडचा त्यावरून आवाज उभा करतो. तो नकलाकार आहे. माणसाची नक्कल हुबेहूब करेल, पण पेटीच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्याची नक्कल करायला सांगितलं तर जेमतेम जवळपास पोचेल. आणि परीक्षा कडक. स्वर दीड टक्क्याच्या आत असेल तर ओळखायचाच आणि साडेतीन टक्क्यांहून जास्त ढळला तर नाकारायचाच, असा नियम आहे. त्यात एकही पॅकेट हरवलं, की चाळीसेक मिलिसेकंदांच्या स्वरात मधेच भोक पडतं.

मग हेनिंग शुल्झरिन आणि स्कॉट पेट्रॅक यांनी मे २००० मध्ये आरएफसी २८३३ हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज लिहिला. २००६ मध्ये त्याची जागा ४७३३ ने घेतली, तरी फोनच्या मेनूत अजून जुनाच क्रमांक दिसतो. कल्पना अशी : स्वर पाठवूच नका. आवाजाच्या पॅकेटांच्या रांगेतच, पण वेगळ्या शिक्क्याची, चार बाइटांची चिठ्ठी पाठवा. हा शिक्का बहुतेक ठिकाणी १०१ असतो.

पॅकेटं उलगडून दाखवणारं वायरशार्क उघडून एकदा हे बघाच. पाच दाबा. पहिल्या चिठ्ठीत घटना ५, कालावधी १६० ठोके (सेकंदाला ८०००). वीस मिलिसेकंदांनी दुसरी : घटना ५, कालावधी ३२०. मग ४८०, ६४०, बोट उचलेपर्यंत. पॅकेटचा अनुक्रमांक दर वेळी पुढे सरकतो, पण टाइमस्टॅम्प मात्र सगळ्यांवर एकच, बटण दाबलं त्या क्षणाचा. त्यावरूनच पलीकडच्याला कळतं की हे दहा पाच नाहीत, एकच लांबलेला पाच आहे. बोट उचललं की ‘संपलं’ असं सांगणारी चिठ्ठी तीनदा जाते, एखादी हरवली तरी बिघडू नये म्हणून. इतकी विचारपूर्वक केलेली छोटी रचना मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

म्हणजे ‘आकडा जात नाही’ या तक्रारीत आकडा सहसा सरळ हरवत नाही. स्वराची चिठ्ठी होते, चिठ्ठीचा पुन्हा स्वर होतो, आणि जिथे हा वेषपालट होतो त्या सांध्यावरच गडबड होते. आपण सांधे मोजायचे. बँकेची यंत्रणा कॉल जुन्या पद्धतीच्या लाइनवर घेत असेल, तर वाटेत कोणत्या तरी गेटवेला तुमच्या चिठ्ठीवरून स्वर तयार करावाच लागतो.

उलट दिशेने, म्हणजे बाहेरच्या लाइनवरून तुमच्या आयव्हीआरकडे (‘एक दाबा’ म्हणणाऱ्या यंत्रणेकडे) येताना, नेहमी दिसणारा रोग म्हणजे एक दाबलं की अकरा उमटणं. गेटवेला स्वर ओळखायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात स्वराचा शेंडा आवाजाच्या वाटेने निसटून पुढे गेलेला असतो आणि मागून चिठ्ठीही येते. तुमच्या बाजूला दोन्ही ऐकण्याची सोय चालू असेल, तर एकाचे दोन. इलाज : ऐकायचं ते एकाच वाटेने.

दुसरा रोग नव्या पिढीचा. ओपस कोडेकचं घड्याळ सेकंदाला ४८००० ठोक्यांचं, जुन्या मंडळींचं ८००० चं. शंभर मिलिसेकंद दाबलेलं बटण जुन्या घड्याळात ८०० ठोके. कोणी तेच ८०० नव्या घड्याळाने वाचले, तर ते सतरा मिलिसेकंदही भरत नाहीत. एवढा तोकडा आकडा पलीकडचा खरा धरत नाही. ब्राउझरमधून बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांची तक्रार आली, की मी आधी इथे बघतो.

‘पण साहेब, मोबाइलवरून तर लगेच लागतं!’ हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. लागणारच. जीएसएम मोबाइल स्वत: स्वर पाठवतच नाही. तो नेटवर्कला ‘पाच सुरू, पाच बंद’ असा निरोप देतो आणि स्वर काढतो तो नेटवर्कचा स्विच, मोबाइलच्या कोडेकच्या पलीकडे बसून. व्होल्टीवर तर तीच चार बाइटांची चिठ्ठी जाते. म्हणजे मोबाइल कंपन्यांनीही आपल्यासारखाच आकडा आवाजापासून वेगळा काढला, फक्त सांधे नीट शिवले.

तपासायचं कसं? आधी आपल्याच व्हॉइसमेलला फोन लावून पिन टाका (फ्रीपीबीएक्समध्ये स्टार ९७). तिथे चाललं तर फोन निर्दोष, पुढे चला. मग ट्रंकवरचा, म्हणजे बाहेरच्या लाइनवरचा, कॉल पकडा आणि दोन्ही बाजूंचे प्रस्ताव वाचा. तुम्ही ‘टेलिफोन-इव्हेंट’ची, म्हणजे चिठ्ठीची, तयारी दाखवली आणि समोरून आलेल्या उत्तरात ती ओळच नाही, असं असेल तर चिठ्ठी बंद. मग स्वरच पाठवायचा, आणि त्या ट्रंकवर जी.७२९ अजिबात ठेवायचं नाही. ॲस्टेरिस्कच्या पीजेसिप या भागात डीटीएमएफची सेटिंग ‘ऑटो’ ठेवली, तर चिठ्ठी जमली नाही की तो आपणहून स्वरावर येतो. कॉल जोडणाऱ्या सिप प्रोटोकॉलच्या ‘इन्फो’ निरोपातून आकडा पाठवायचा तिसरा मार्गही आहे. दोन्ही टोकं तुमच्याच हातात असतील तर तो चालतो. बाहेरच्या कंपनीशी त्यावर भरवसा ठेवू नये.

आता एक गोष्ट, जी पत्रलेखकांनी विचारली नाही. त्यांनी मदतीला म्हणून सर्व्हरच्या लॉगचा तुकडा जोडला होता. त्यात ‘डीटीएमएफ’ ही नोंद चालू आहे. दाबलेला प्रत्येक आकडा, त्याची वेळ, तो किती मिलिसेकंद दाबला हे ओळीने लिहिलेलं. वरून खाली वाचत गेलं की आधी भाषा, मग खातेक्रमांक, मग चार आकडे. ते चार आकडे काय आहेत, हे सांगायला नको. मी तो तुकडा पुसून टाकला आहे, त्यांनीही बँकेचा पिन आधी बदलून घ्यावा.

दोष शोधताना ही नोंद लागते, मान्य. पण लॉगरच्या फाइलमध्ये ‘सगळं लिही’ म्हणून स्टार टाकून ठेवला, की ती कायमची चालू राहते, रोजच्या बॅकअपमध्ये जाते आणि बॅकअप कोणाच्या तरी पेनड्राइव्हवर. कॉल रेकॉर्डिंगचंही तेच. स्वर आवाजातच असतील तर रेकॉर्डिंगमधून आकडे परत वाचणारी फुकट सॉफ्टवेअरं आहेत, आणि चिठ्ठ्या एसआरटीपीच्या कुलुपाशिवाय जात असतील तर वायरशार्क त्या अक्षरी लिहून दाखवतो. कार्ड उद्योगाच्या नियमांनुसार कार्डामागचा तीन आकडी क्रमांक व्यवहार मंजूर झाल्यावर साठवताच येत नाही. म्हणून मोठ्या कॉल सेंटरांमध्ये ग्राहक आकडे दाबत असताना एजंटच्या कानात आणि रेकॉर्डिंगमध्ये सपाट सूर सोडतात. आपल्याला तेवढा खर्च नको. डीटीएमएफची नोंद हवी तेव्हा तासभर चालू करावी, ती वेगळ्या फाइलमध्ये घ्यावी आणि काम झालं की फाइल पुसावी. बाहेरच्या आयव्हीआरला लावलेले कॉल रेकॉर्ड करू नयेत.

संदेश किती दिवस ठेवायचे, हे पुढच्या आठवड्यात. तोवर लॉगरची फाइल उघडून त्यात तो स्टार आहे का, एवढं बघून ठेवा. आकडे आधीच साठले असतील तर ते बॅकअपमधून कसे काढायचे, हेही त्यातच घेतो.