दुकानदाराच्या शंकेची किंमत

‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन भयकथा-मालिकेचा पहिला अंक इमेज कॉमिक्सने ऑक्टोबर 2003 मध्ये काढला. छापील किंमत 2.95 डॉलर. आज त्याच अंकाच्या अव्वल प्रतीला चार आकडी डॉलर मोजावे लागतात. जुलै 2012 मध्ये आलेल्या शंभराव्या अंकात निगन हा खलनायक पहिल्यांदा दिसतो आणि ग्लेन हा वाचकांचा लाडका माणूस मारला जातो. कथेच्या दृष्टीने हा अंक पहिल्याइतकाच, कदाचित जास्तच, निर्णायक आहे. तरी त्याची साधी प्रत आजही कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला खिशातल्या पैशात घेता येते. संग्राहकांच्या भाषेत दोन्ही ‘की इश्यू’, म्हणजे कोणाचा प्रवेश, कोणाचा मृत्यू किंवा कथेचे वळण असलेले अंक. मग भावात एवढी तफावत का? ‘पहिला तो पहिलाच’ हे उत्तर सोपे आहे आणि अपुरेही. माझे म्हणणे असे की आधुनिक कॉमिकची किंमत मुळात ठरते ती अंक छापण्याआधी, दुकानदार मागणीपत्रकावर आकडा लिहितो त्या वेळी. पुढची वीस वर्षे बाजार त्या आकड्याचा अर्थ लावत बसतो.

हे पटायला जुन्या कॉमिकशी तुलना करावी लागेल. 1938 साली सुपरमॅनला जन्म देणारा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक सुमारे दोन लाख छापला गेला होता. त्यातल्या शंभरेक प्रतीच आज उरल्या असाव्यात, असा जाणकारांचा अंदाज आहे. मुलांनी त्या वाचल्या, फाडल्या, एकमेकांना दिल्या. महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत त्या गेल्या. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ ज्या वाटेने रद्दीवाल्याच्या तराजूत गेला, तीच ही वाट. म्हणजे तिथे दुर्मीळता काळाने निर्माण केली. 2003 मध्ये हे घडणे शक्य नव्हते. तोवर कॉमिक घेणारा बहुतेक प्रौढ झाला होता, आणि अंक हातात पडताच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत पुठ्ठा घालून उभा ठेवत होता. कागदही चांगला होता. काळ ज्या प्रतींचे काही बिघडवू शकत नाही त्यांचा तुटवडा होणार तो एकाच कारणाने: त्या कमी छापल्या गेल्या म्हणून.

आणि कमी छापल्या गेल्या, कारण कोणाला खात्री नव्हती. अमेरिकेत कॉमिक विकणारी खास दुकाने माल महिनादोन महिने आधी कॅटलॉग पाहून मागवतात, आणि न खपलेले अंक परत करता येत नाहीत. अंदाज चुकला की पैसे गेलेच. त्यामुळे नव्या नावाला दुकानदार हात आखडूनच माल मागवतो. इथे तर कृष्णधवल चित्रे, त्यात झाँबी, आणि लेखक रॉबर्ट कर्कमन तेव्हा विशीतला. प्रकाशकही साशंक होता. या झाँबींमागे परग्रहवासीयांचा डाव आहे अशी थाप मारून आपण मालिका मंजूर करून घेतली, हे कर्कमनने पुढे स्वतःच सांगितले आहे. पहिल्या अंकाची मागणी सुमारे 7,300 प्रतींची आली. शंभराव्याला ती 3,80,000 च्या पुढे गेली. एव्हाना दूरचित्रवाणीवर मालिका गाजत होती, अंकाला अनेक मुखपृष्ठे काढली होती आणि प्रत्येक दुकानाला ठाऊक होते की हा अंक ऐतिहासिक आहे. सगळ्यांना आधीच ठाऊक असणे हेच त्याच्या भावाला नडले. दोन आकड्यांत पन्नासपट अंतर आहे. भावातली तफावत पाहिली तर ती याच अंतराच्या मागे मागे चालते, कथेतल्या महत्त्वाच्या मागे नाही.

मधले अंक हेच सांगतात. 2005 चा एकोणिसावा अंक: साखळीला बांधलेले दोन झाँबी घेऊन तलवारधारी मिशॉन येते. 2006 चा सत्ताविसावा: गव्हर्नर हा खलनायक येतो. दोघेही पुढे पडद्यावर घराघरांत पोहोचले, पण अंक मागवताना दुकानदाराच्या लेखी ते चालू मालिकेतले आणखी दोन महिने होते. म्हणून त्यांचे भाव शंभराव्याच्या वर राहिले. दुसरा अंक मला जास्त बोलका वाटतो. नायकाची बायको लोरी, मुलगा कार्ल आणि ग्लेन त्यातच पहिल्यांदा येतात, आणि त्याची मागणी नोंदवायची वेळ आली तेव्हा पहिला अंक कसा खपतो हे कोणी पाहिलेलेच नव्हते.

यावर पहिला आक्षेप अवस्थेचा येईल: किंमत छपाईवर नाही, प्रत किती कोरी आहे यावर ठरते. अमेरिकेत 2000 पासून सीजीसी ही संस्था प्रती तपासून दहापैकी गुण देते आणि त्या कडक पारदर्शक खोक्यात बंद करते. त्या खोक्याला सगळे ‘स्लॅब’ म्हणतात. तपासणी खरोखर बारीक असते. अंक दिव्याखाली तिरपा धरला की कण्यावर, पिनांच्या आसपास, केसाएवढ्या आडव्या रेघा दिसतात. घडी दाबली जाऊन मुखपृष्ठाची शाई तिथे तुटलेली असते आणि खालचा पांढरा कागद डोकावतो. गडद रंगाच्या मुखपृष्ठावर ही रेघ लगेच डोळ्यांत भरते. रंग न तुटता नुसता दाब पडला असेल तर उष्णता आणि वजन देऊन तो घालवता येतो, आणि असे ‘प्रेसिंग’ संस्थेला मान्य आहे; पण तुटलेला रंग परत येत नाही, आणि रंग भरला तर प्रतीवर दुरुस्तीचा जांभळा शिक्का बसतो. मग कोपऱ्यांची टोके, पिनांवरचा गंज, पानांचा पांढरेपणा. पहिल्या अंकाबाबत आणखी एक खोच आहे. मुखपृष्ठावरची ‘प्रौढांसाठी’ ही सूचना काही प्रतींवर काळ्या अक्षरांत आहे, काहींवर पांढऱ्या, आणि संग्राहक त्यांना दोन वेगळे प्रकार मानतात. हे सगळे खरे असले तरी आक्षेप टिकत नाही. आधुनिक अंकांत 9.8 गुणांची प्रत ही अपूर्वाई नाही, कारण बहुतेकांनी ती पहिल्या दिवसापासून जपलेली असते. शंभराव्या अंकाच्या 9.8 प्रती ढिगाने आहेत. अवस्थेमुळे भाव गुणाकाराने वाढतो खरा, पण ज्याला गुणायचे तो आकडा छपाईनेच दिलेला असतो.

शिवाय स्लॅबवर डोळे मिटून भरवसा ठेवावा अशी स्थिती नाही. 2023 च्या अखेरीस उघड झाले की खोके बदलून देण्याच्या सोयीचा गैरफायदा घेऊन कोणीतरी कमी दर्जाच्या प्रतींना वरच्या दर्जाचे खोके मिळवले होते. तेव्हापासून शहाणा गिऱ्हाईक लेबलाबरोबर आतल्या कण्याकडेही पाहतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भाव दूरचित्रवाणीने चढवले. एएमसी या वाहिनीवर मालिका 31 ऑक्टोबर 2010 ला सुरू झाली, त्यानंतर पहिल्या अंकाला जे पंख फुटले ते सर्वांनी पाहिले. पुढे मालिकेचा जोर ओसरला तसा भावही खाली आला. हे मला मान्यच आहे. मागणी पडद्याने आणली. पण तोच पडदा निगनलाही मिळाला. अभिनेता जेफ्री डीन मॉर्गनने 2016 मध्ये तो साकारला आणि वर्षभर त्याचीच चर्चा होती, तरी शंभरावा अंक पहिल्याच्या जवळपासही गेला नाही. मागणीची लाट दोघांवरून गेली. एकाखाली सात हजार प्रती होत्या, दुसऱ्याखाली पावणेचार लाखांहून अधिक.

तिसरा मुद्दा मुद्दाम घडवलेल्या दुर्मीळतेचा. पंचवीस साधे अंक मागवणाऱ्या दुकानाला एक खास मुखपृष्ठ, ही पद्धत आता रुळली आहे. त्यात संख्या खरोखरच कमी असते, पण ती प्रत जन्मापासून दुर्मीळ म्हणूनच विकली जाते. स्वस्तात मिळण्याचा दिवस तिच्या आयुष्यात नसतोच. संग्रहासाठी म्हणूनच विकलेल्या मालाचा भाव पुढे चढत नाही, हा धडा या धंद्याने एकदा मोठ्या किमतीला घेतला आहे. 1991 मध्ये ‘एक्स-मेन’चा पहिला अंक ऐंशी लाखांच्या आसपास खपला, लोकांनी गठ्ठे घेऊन ठेवले, आणि आज तो जुन्या अंकांच्या खोक्यात चिल्लर भावाने पडलेला असतो. 1996 च्या डिसेंबरमध्ये ‘एक्स-मेन’च्या प्रकाशक मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली, त्यामागे या सट्टेबाजीचा फुगा फुटणे हेही एक कारण होते.

कर्कमनने अनिश्चितता पुन्हा आणूनही पाहिली. जुलै 2019 चा 193 वा अंक शेवटचा आहे हे त्याने कोणाला कळू दिले नाही. पुढच्या अंकांच्या खोट्या जाहिरातीही कॅटलॉगमध्ये छापून आणल्या. दुकानदार खरोखर फसले आणि अंक हातोहात गेला. पण पुढची छपाई लगेच आली आणि मूळ मागणीही गाजलेल्या मालिकेला शोभेल अशीच होती. शेवटाचा धक्का बसला, तुटवडा टिकला नाही.

तेव्हा या मालिकेत पैसे घालणाऱ्याने आधी त्या महिन्याच्या मागणीचा आकडा पाहावा, मग पात्राचे नाव. पहिला अंक घेताना आतल्या पानावरची प्रकाशनाची ओळ वाचावी, कारण 2013 मध्ये दहाव्या वाढदिवसाची रंगीत आवृत्ती निघाली आहे, आणि 2020 पासून मालिका रंगात पुन्हा छापली जाऊ लागली. आणि निगनसाठी जीव टाकणाऱ्याने शंभरावा अंक खुशाल घ्यावा, पण वाचण्यासाठी एकच घ्यावा. त्याची वेगवेगळी मुखपृष्ठे गुंतवणूक म्हणून जमवू नयेत.