टॅब्लेटची जागा वाढविणारें मेमरी कार्ड

घरांतील टॅब्लेट एके दिवशीं अशी सूचना देऊं लागतो कीं, सांठवणीची जागा संपत आली आहे. नातवाच्या मुंजीचीं छायाचित्रें, कीर्तनांचीं ध्वनिमुद्रणें, मुलांच्या शाळेचे धडे, पंचांग आणि आगगाडीचें तिकीट काढण्याचें साधन हें सारें त्या एका पाटीएवढ्या यंत्रांत कोंबलेलें असतें, आणि यांतील काय पुसावें हें घरांतील कोणालाच ठरवितां येत नाहीं. अशा वेळीं बाजारांतून नखाएवढें मेमरी कार्ड आणून टॅब्लेटमध्यें बसवावें, हा उपाय बहुतेकांस ठाऊक असतो, व तो उपाय खराही आहे. परंतु कार्ड बसवितांना कित्येक टॅब्लेट एक प्रश्न विचारतात, आणि पुष्कळ लोक तो नीट न वाचतांच त्याचें उत्तर देऊन मोकळे होतात. पुढें टॅब्लेट बिघडला तर मुंजीचीं चित्रें हातीं राहतील कीं नाहीं, हें त्या एका उत्तरावर अवलंबून असतें. म्हणून कार्ड म्हणजे काय, तें कसें निवडावें, आणि त्या प्रश्नाचा अर्थ काय, हें क्रमानें पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. टॅब्लेटच्या खोक्यावर दोन निरनिराळे आंकडे छापलेले असतात. सॅमसंग कंपनीनें २०२० सालीं काढलेल्या 'गॅलॅक्सी टॅब ए७' या यंत्राचें उदाहरण घेतल्यास त्याच्या एका प्रकारांत ३ जीबी रॅम व ३२ जीबी सांठवण होती. कारकुनाच्या कचेरीची उपमा दिली तर रॅम म्हणजे लिहावयाचें मेज, आणि सांठवण म्हणजे दप्तराचें कपाट. कार्ड घातल्यानें कपाट वाढतें, मेज वाढत नाहीं. म्हणून कार्ड घातल्यावर टॅब्लेट चपळ होईल, ही अपेक्षा ठेवूं नये. कपाट अगदीं गच्च भरल्यामुळें जो अडखळलेपणा आलेला असतो, तेवढाच काय तो कमी होतो. शिवाय त्या ३२ जीबीच्या कपाटाचा बराचसा भाग यंत्राचें स्वतःचें दप्तर, म्हणजे त्यास चालविणारी अँड्रॉइड प्रणाली, आधींच व्यापून बसलेली असते. धन्याच्या वांट्यास उरलेले खण येतात, आणि म्हणूनच ते अपेक्षेपेक्षां लवकर भरतात.

आतां कार्डाची घडण. तिची थोडी ओळख करून घेणें उपयोगाचें आहे, कारण कार्डाचे गुण आणि दोष हे दोन्ही त्या घडणींतूनच निघतात. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डॉवन कांग आणि सायमन झी यांनीं १९६७ सालीं असा एक विद्युत्-घटक वर्णिला कीं, ज्याच्या पोटांत एक अतिसूक्ष्म थर सर्व बाजूंनीं विसंवाहक आवरणानें वेढलेला होता. त्या थरावर विजेचे कण एकदां ढकलले म्हणजे वीज बंद केल्यावरही ते तेथेंच कोंडून राहत. याच तत्त्वाचा आश्रय करून जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनीं 'फ्लॅश' स्मृति सिद्ध केली, आणि १९८४ सालीं ती विद्वानांच्या परिषदेपुढें मांडली. तींतील नोंदींचा मोठा गठ्ठा एका क्षणांत पुसला जातो. त्यावरून त्यांच्या एका सहकाऱ्यास छायाचित्रकाराच्या लखलखाटाची आठवण झाली, आणि हें नांव पडलें, असें सांगतात.

कार्डांत अशा अब्जावधि पेशी असतात. पेशींत विजेचा भार किती आहे हें मोजून यंत्र नोंद वाचतें. आजच्या पुष्कळशा कार्डांत एकाच पेशींत तीन बिट सांठवितात, आणि त्याकरितां भाराच्या आठ वेगवेगळ्या पायऱ्या अचूक ओळखाव्या लागतात. इतक्या लहान वस्तूंत शेंकडों चित्रपटांचा संग्रह मावतो, त्याचें रहस्य हेंच. पण दोषही येथेंच आहे. प्रत्येक वेळीं नोंद पुसून नवी लिहितांना तें आवरण किंचित् झिजतें. आणि कार्ड नुसतें पेटींत ठेवून दिलें तरी कोंडलेला भार वर्षानुवर्षें हळूहळू पाझरत असतो, व उष्णतेनें हें पाझरणें वाढतें. ताम्रपटावर कोरलेलें अक्षर शतकें टिकतें, कार्डांतील अक्षरास तसें आयुष्य नाहीं.

कार्डाचें मान सर्वत्र एकच असावें म्हणून १९९९ सालीं सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्या एकत्र आल्या, व त्यांतून 'एसडी' हें मान निघालें. टॅब्लेटमध्यें बसतें तें 'मायक्रोएसडी' हें त्याचें धाकटें भावंड. तें २००५ सालीं या मानांत दाखल झालें. त्याची लांबी १५ मिलिमीटर, रुंदी ११ मिलिमीटर आणि जाडी अवघी १ मिलिमीटर असते.

निवड करतांना पहिली गोष्ट ही कीं, आपल्या टॅब्लेटला कार्डाची खांच आहे कीं नाहीं, आणि असल्यास ती किती मोठें कार्ड स्वीकारते, हें यंत्राबरोबर आलेल्या माहितीपत्रकांत पाहावें. ॲपल कंपनीच्या आयपॅडला अशी खांच नाहीं. २०१९ सालापासून त्यांस बाहेरून सांठवणीचें साधन जोडतां येऊं लागलें एवढेंच. वर उल्लेखिलेल्या गॅलॅक्सी टॅब ए७ मध्यें १ टीबीपर्यंतचें, म्हणजे १,००० जीबीचें कार्ड चालतें. कार्डावर 'एसडीएचसी' असें लिहिलें असेल तर तें ३२ जीबीपर्यंतचें होय, व 'एसडीएक्ससी' असेल तर त्याच्या पुढचें, २ टीबीपर्यंतचें. जुन्या यंत्रांस पुष्कळदां पहिलाच प्रकार वाचतां येतो. म्हणून मोठा आंकडा पाहून उगीच पैसे घालूं नयेत.

दुसरी गोष्ट वेगाची. कार्डाच्या पाठीवर वर्तुळांत १० हा आंकडा असला, म्हणजे तें सेकंदास निदान १० एमबी इतक्या गतीनें सलग लिहूं शकतें. इंग्रजी यू या अक्षरांत ३ हा आंकडा असला, तर ती गति ३० एमबी समजावी. चित्रपट व छायाचित्रें ठेवण्यास पहिलें पुरेसें आहे. परंतु ॲप्स कार्डावर ठेवावयाचीं असल्यास सलग गतीपेक्षां तुटक तुटक वाचण्यालिहिण्याची गति महत्त्वाची असते. ती दाखविणारी खूण 'ए१' किंवा 'ए२' अशी असते, व तीच पाहून कार्ड घ्यावें.

येथें आणखी एक शंका निघते. १२८ जीबीचें कार्ड घातलें असतां कांहीं यंत्रें तें ११९ जीबीच दाखवितात, आणि घेणाऱ्यास आपण फसलों असें वाटतें. येथें लबाडी नाहीं. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो, आणि यंत्र १,०२४ च्या पटीनें मोजतें. एकच धान्य दोन निरनिराळ्या पायल्यांनीं मोजल्यासारखें हें आहे.

खरी लबाडी वेगळीच असते. बाजारांत कित्येक खोटीं कार्डें येतात. त्यांच्या पोटांत जागा थोडी असते, परंतु त्यांतील नियंत्रक यंत्रास सांगतो कीं जागा पुष्कळ आहे. प्रारंभीं सारें सुरळीत चालतें. खरी जागा भरल्यावर मात्र नवी नोंद जुन्या नोंदीवर लिहिली जाते, किंवा हवेंत विरून जाते, आणि फाइलींचीं नांवें तेवढीं यादींत दिसत राहतात. हा घात ध्यानांत येण्यास महिने लागतात. म्हणून कार्ड माहितीच्या दुकानांतून पावती घेऊन विकत घ्यावें. आणल्याबरोबर संगणकावर तें एकदां कांठोकांठ भरावें, व भरलेलें सर्व परत वाचून मूळाशीं ताडून पाहावें. हें काम करणारे छोटे प्रोग्राम फुकट मिळतात. या परीक्षेंत कार्ड टिकलें तरच त्यावर घरचा ऐवज ठेवावा.

कार्ड बसविण्याचें काम सोपें आहे. टॅब्लेट बंद करावा. कडेला बारीक छिद्र असलेलें झांकण दिसतें, त्यांत बरोबर दिलेली पिन हलकेंच दाबली कीं तबकडी बाहेर येते. सोनेरी पट्ट्यांची बाजू योग्य दिशेला ठेवून कार्ड तींत बसवावें, आणि तबकडी जोर न करतां आंत सारावी. कांहीं यंत्रांत तबकडीऐवजीं कार्ड सरळ खांचेंत दाबावें लागतें.

आणि आतां तो प्रश्न. २०१५ सालीं आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून कित्येक यंत्रें विचारतात कीं, हें कार्ड 'पोर्टेबल', म्हणजे काढतां-घालतां येणारें ठेवावयाचें, कीं 'इंटर्नल', म्हणजे यंत्राच्या अंतर्गत सांठ्याचाच भाग करावयाचें? कांहीं कारखानदारांनीं दुसरी सोय आपल्या टॅब्लेटमध्यें ठेवलेलीच नाहीं. तेथें हा प्रश्न येत नाहीं, व कार्ड आपोआप पहिल्या प्रकारचें होतें. परंतु जेथें तो येतो, तेथें दुसरा पर्याय मोठा मोहक वाटतो. सगळी जागा एकजीव होते, ॲप्सही कार्डावर नेतां येतात, मग याहून अधिक काय हवें, असें माणूस म्हणतो.

यांतील अंतर समजण्यासाठीं पेटी आणि भिंतींतील तिजोरी यांचा भेद ध्यानांत घ्यावा. पहिल्या प्रकारचें कार्ड पेटीसारखें असतें. तें टॅब्लेटमधून काढून संगणकांत घातलें तर आंतील चित्रें तेथेंही दिसतात. दुसऱ्या प्रकारांत टॅब्लेट कार्ड प्रथम कोरें करतो, मग त्यावरील प्रत्येक अक्षर गूढलिपींत लिहितो, आणि ती लिपि उलगडण्याची किल्ली स्वतःच्या पोटांत ठेवतो. तें कार्ड जगांतील दुसऱ्या कोणत्याही यंत्रांत घातलें तरी तेथें निरर्थक चिन्हांपलीकडे कांहीं दिसत नाहीं. कार्ड चोरीस गेलें तर हा गुणच म्हणावयाचा. पण चोरापेक्षां घरांत दुसरीच आपत्ति अधिक वेळां येते.

समजा, टॅब्लेट मुलाच्या हातून फरशीवर पडला आणि पुन्हां सुरू होईना. दुकानदार सांगतो कीं आंतील मुख्य पाटी गेली. घरचीं माणसें म्हणतात, "असूं द्या, चित्रें तर कार्डावर आहेत." कार्ड पहिल्या प्रकारचें असेल तर त्यांचें म्हणणें खरें ठरतें, व दहा मिनिटांत सारीं चित्रें दुसऱ्या यंत्रावर दिसूं लागतात. दुसऱ्या प्रकारचें असेल तर कार्ड धडधाकट असूनही चित्रें गेलीं, कारण किल्ली पाटीबरोबर गेली. यंत्र मंद चालतें म्हणून कोणी तें 'फॅक्टरी रिसेट' केलें, तरीही हाच परिणाम होतो, कारण त्या क्रियेंत किल्लीही पुसली जाते. म्हणून नियम असा ठेवावा कीं, ज्याची भरपाई होऊं शकत नाहीं असें जें जें असेल तें पहिल्या प्रकारच्या कार्डावर ठेवावें. ॲप्स काय, तीं पुन्हां मिळतात. अंतर्गत सांठा फारच तोकडा असून ॲप्सच मावत नसतील, तर दुसरा प्रकार स्वीकारण्यास हरकत नाहीं, मात्र चित्रांची प्रत त्याआधीं अन्यत्र काढलेली असावी. दोन्ही प्रसंगीं हेंही विसरूं नये कीं, कार्डावर पूर्वींचें कांहीं असेल तर तें कोरें करतांना नष्ट होतें.

पोर्टेबल कार्ड बसविलें म्हणजे जुनीं चित्रें आपोआप तेथें जातात, असें मात्र नाहीं. फाइलींच्या ॲपमध्यें जाऊन तीं कार्डावर न्यावीं लागतात. तीं एकदम 'हलवूं' नयेत. आधीं प्रत करावी, कार्डावरील दोनचार चित्रें व एखादी चित्रफीत उघडून पाहावी, आणि मगच मूळ पुसावें. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्यें सांठवणीची जागा म्हणून कार्ड निवडण्याची सोय असल्यास ती निवडावी, म्हणजे पुढचीं छायाचित्रें थेट तेथें जातील. व्हॉट्सॲपवरून येणारीं चित्रें तरीही अंतर्गत सांठ्यांतच पडत राहतात. त्यांचा निपटारा महिन्यामहिन्यानें हातानेंच करावा लागतो. कार्ड बाहेर काढतांना सेटिंगमध्यें तशी आज्ञा द्यावी, अथवा यंत्र बंद करावें. लेखन चाललें असतां तें उपटून काढल्यास अर्धवट नोंद राहून सारी अनुक्रमणिका बिघडूं शकते.

एवढें सर्व यथास्थित केलें तरी एक गोष्ट शेवटीं उरतेच. ज्या पेशींतून भार पाझरतो व जिचें आवरण झिजतें, तिच्यावर एकटीवर विसंबून चालत नाहीं. पूर्वींचे लेखक महत्त्वाच्या पोथीची दुसरी प्रत करून ती दुसऱ्या घरीं ठेवीत, ती कांहीं जागा कमी पडली म्हणून नव्हे. मेमरी कार्डानें घरांत जागा झाली, पण प्रत एकच राहिली, तर जोखीम होती तेवढीच आहे, फक्त ती टॅब्लेटमधून कार्डांत गेली. वर्षांतून दोन वेळां, दसऱ्यास आणि पाडव्यास म्हणा, कार्डावरील चित्रें संगणकावर किंवा स्वतंत्र हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावीं, व ती डिस्क दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवावी. त्यास लागणारा वेळ एका दुपारचा असतो.