जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी लिनक्स टाकून बघा

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि साधारण २०१७पूर्वीचे बरेच लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. त्यांवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. फुकट आहे, आणि आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर तिथंच तपासा. इन्स्टॉल करण्यापूर्वी बॅकअप घ्याच! सुरुवातीला सी आणि डी ड्राइव्ह शोधत बसाल; इथे आपलं सगळं ‘होम’ फोल्डरमध्ये असतं.

मला सर्वांत आवडतं ते टायपिंग. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी आणि तेलुगू असे दोन्ही लेआउट जोडले की एका शॉर्टकटने भाषा बदलते. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथसारख्या गावात, जिथं घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू, तिथं यापरतं सुख नाही. याच जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात सापडलेली गोंडी लिपी २०१८मध्ये युनिकोडमध्ये आली. तिचा नोटो फॉन्टही मोफत बसवता येतो.

शिकायला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर लिनक्सचे मराठी धडे आहेत. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, पहिले काही आठवडे उघडलं नाही तरी चालतं. टॅलीवर किंवा फोटोशॉपवर पोट असेल तर मात्र विंडोज काढू नका, शेजारी लिनक्स ठेवा.