शिशाचे छरे : निर्मितीचे तत्त्व आणि घरगुती सुरक्षितता

शिकारीच्या काडतुसांत पुन्हा भरण्यासाठी शिशाचे छरे घरीच तयार करण्याचा छंद अमेरिकेसारख्या देशांत आढळतो. त्यामागील तत्त्व जुने आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील विल्यम वॅट्स या प्लंबरने १७८२ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले व त्यासाठी राहत्या घरावरच मनोरा चढविला. वितळलेले शिसे उंचावरील चाळणीतून सोडले असता पृष्ठताणामुळे थेंब गोल होतात, पडताना थिजू लागतात आणि तळच्या पाण्यात पूर्ण थंड होतात. अल्प आर्सेनिक मिसळल्यास गोलाई सुधारते.

शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात पाण्याचा थेंब पडल्यास वाफेच्या दाबाने तप्त धातू उसळतो. हा धोका डोळ्यांना दिसतो. शिशाच्या धुळीचा दिसत नाही. पृष्ठभागावरील मळी काढताना उडणारी ही धूळ हात व कपड्यांवाटे घरातील मुलांपर्यंत पोहोचते आणि त्यांच्या मेंदूच्या विकासास बाधा आणते. रक्तातील शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणूनच केवळ हातमोजे व चष्मा पुरेसे ठरत नाहीत. भट्टी, भांडी व कपडे निवासापासून वेगळे ठेवणे, ही सुरक्षिततेची पहिली अट होय.