विजेची स्कूटर गटाला परवडते का?

दूध, पापड पोहोचवायला विजेची स्कूटर घ्यावी का, असं बऱ्याच गटांत विचारलं जातंय. चला, हिशोबच मांडू.

पेट्रोलची गाडी लिटरला ५० किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०० रुपये धरलं, तर किलोमीटरला २ रुपये पडतात. विजेच्या गाडीची ३ युनिटची बॅटरी भरायला साडेतीन युनिट लागतात, थोडी वीज वाया जातेच. युनिटला १० रुपये धरले तर झाले ३५ रुपये. त्यात गाडी ८० किलोमीटर चालली, तर किलोमीटरमागे दीड रुपया वाचतो.

पण गाडी फिरली तरच वाचतो! समजा, ती ३०,००० रुपयांनी महाग मिळाली. महिन्याला १,००० किलोमीटर फिरली तर फरक २० महिन्यांत निघेल. नुसत्या आठवडी बाजाराला, २०० किलोमीटर फिरली तर आठ वर्षांहून जास्त लागतील. तोवर बॅटरीच बदलायला येईल. कर्जाचं व्याज तर आपण धरलंच नाही. अशा गटांनी घाई करू नये, असं आम्हाला वाटतं.

गाडी धूर सोडत नाही हे खरं, पण आपली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडीला कोळसा जाळूनच होते.

घ्यायचीच असेल तर लिथियमची बॅटरी घ्या. शिशाची स्वस्त, पण जड आणि लवकर बसणारी. हमी लेखी मागा. चार्जिंगच्या जागी अर्थिंग तपासा, दुरुस्तीवाला तालुक्यात आहे का ते विचारा. आणि विकणाऱ्याला सांगा, दुधाचे कॅन लादून आमच्या चढावर चालवून दाखव.