गोमाच्या छावण्यांचा हिशेब

मदतसंस्थांच्या अहवालांत ब्लँकेटं किती वाटली, ताडपत्र्या किती उतरवल्या, धान्याचे ट्रक किती गेले हे ठळक छापलेलं असतं. त्यामुळे किती माणसं वाचली, हा आकडा मात्र शोधावा लागतो. असा शोध नेटाने घेतला गेला तो रवांडानंतर.

१९९४च्या एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत रवांडात सुमारे आठ लाख लोक मारले गेले. त्यांत बहुसंख्य तुत्सी जमातीचे होते. जुलैच्या मध्याला मारेकऱ्यांचं सरकार कोसळलं आणि पाच ते आठ लाख हुतू निर्वासित काही दिवसांत झैरेतल्या, म्हणजे आजच्या काँगोतल्या, गोमा परिसरात येऊन थडकले. त्यांत मारेकरीही होते. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. सह्याद्रीच्या कातळात ज्यांनी विहीर खणली आहे, त्यांना कल्पना येईल: संडासाचा खड्डाही खणता येईना आणि कबरही. कित्येकांनी किवू सरोवराचं पाणी तसंच प्यायलं. आधी कॉलरा, मग हगवण. पहिल्या महिन्यात जवळजवळ ५० हजार माणसं दगावली. हा अंदाज बांधता आला, कारण पुरता न आलेली प्रेतं रस्त्याकडेला ठेवली जात आणि ती उचलणाऱ्या ट्रकवर त्यांची मोजदाद होई.

कॉलऱ्यावर उपाय नव्हता असं नाही. १९७१च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांमध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर पिंपांत मीठ-साखरेचं पाणी, म्हणजे जलसंजीवनी, कालवून ठेवलं. ते रुग्णांचे नातलगच पाजत. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. तेवीस वर्षांनी गोमात उपचार केंद्रं होती, डॉक्टर होते, विमानांनी औषधंही येत होती. तरी ढाक्याच्या कॉलरा-तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा दिसलं, की सलाईन संथ चढवलं जातंय, जलसंजीवनी पुरेशी पाजली जात नाही, कर्मचाऱ्यांना अनुभव नाही. ‘केंद्रं किती उघडली’ एवढंच विचारलं असतं, तर यातलं काहीच कळलं नसतं.

दुसऱ्या महिन्यात मृत्यू झपाट्याने घटले. याचं श्रेय रोजच्या आकड्यांवर बेतलेल्या मदतकार्याला दिलं गेलं. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या पाहणीत पाच वर्षांखालची १८ ते २३ टक्के मुलं तीव्र कुपोषित आढळली होती. बाईच कुटुंबप्रमुख असलेल्या घरांत हा धोका अधिक होता. वाटपातही गोम होती: धान्य जुन्या राजवटीच्या पुढाऱ्यांच्या हातून वाटलं जाई. याद्या फुगत, सशस्त्र टोळ्या आपला वाटा काढून घेत. धान्य पोहोचत होतं, पण ते मारेकऱ्यांनाही पोसत होतं. म्हणूनच नोव्हेंबरमध्ये ‘मेदसां साँ फ्राँतिएर’ या वैद्यकीय मदतसंस्थेच्या फ्रेंच शाखेने तिथलं काम थांबवलं.

डेन्मार्कच्या पुढाकाराने झालेल्या, रवांडासाठीच्या मदतीच्या संयुक्त मूल्यमापनाचा अहवाल मार्च १९९६मध्ये आला. राजकीय निर्णय टाळून सरकारांनी मदतकार्यालाच त्याचा पर्याय बनवलं, हा त्यातला सर्वांत बोचरा निष्कर्ष. संस्थांचं कामही असमान निघालं. या धक्क्यातून १९९७मध्ये ‘स्फिअर’ प्रकल्प सुरू झाला. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक संडास अशी मापं त्याने घालून दिली. तपासनिसाच्या हाती निदान मोजपट्टी तरी आली.

मारेकऱ्यांना निर्वासितांपासून वेगळं काढायला मात्र कोणी पुढे आलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला छावण्यांच्या बंदोबस्तासाठी झैरेचेच सैनिक पगार देऊन ठेवावे लागले. अहवाल प्रसिद्ध झाल्याच्या वर्षीच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, छावण्यांवर हल्ले झाले आणि लाखो लोक पुन्हा रस्त्यावर आले.